इब्न रश्द : आपले आणि परके

युरोपला ॲरिस्टॉटल समजावून दिला तो आपल्या इब्न रश्द यांनी, असे आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक वर्गात अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. कुर्तुब्यात ११२६ साली जन्मलेल्या या काजींनी ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहिली. तेराव्या शतकात ती लॅटिनमध्ये गेली आणि युरोप त्यांना नुसते 'भाष्यकार' म्हणू लागला.

अर्धी गोष्ट मात्र आम्ही गाळतो. ११९५ मध्ये खलिफा मन्सूरने त्यांना हद्दपार केले, त्यांचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले. विरोध युरोपातही झाला. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ मते निषिद्ध ठरवली. त्यांत इब्न रश्द यांच्या अनुयायांचीही होती. तरी तिथे वाचन थांबले नाही. थॉमस अक्वायनसने त्यांचे खंडन केले, पण आधी त्यांना वाचून. १५५० च्या सुमारास व्हेनिसमध्ये ही भाष्ये ॲरिस्टॉटलसह छापली गेली.

आज त्यांतल्या काही भाष्यांची मूळ अरबी प्रत उरलेली नाही. ती फक्त हिब्रू-लॅटिन भाषांतरांत सापडतात. आपल्याच बुजुर्गाला भेटायला आपल्याला परक्यांचे दार ठोठवावे लागते. वारसा नाव घेतल्याने टिकत नाही, वाचल्याने टिकतो. उद्यापासून आम्ही वर्गात ही उरलेली अर्धी गोष्टही सांगणार आहोत.