अंगणात आलेली शाळा

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. परंतु ह्याच तालुक्यातील वीटभट्ट्यांवर दिवाळी आटोपली की कातकरी, वारली कुटुंबे मुलाबाळांसह मुक्कामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. नाव गावच्या हजेरीपटावर आणि मूल भट्टीवर! असे मूल मागे पडले, की दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. हा आरोप कितपत खरा, हे पाहण्यासाठी आम्हांस थोडे मागे जावे लागेल.

डॉक्टर मारिया मॉन्टेसरी ह्यांनी रोममध्ये मंदबुद्धी ठरवून वेगळ्या काढलेल्या मुलांना शिकविले आणि त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक चकित झाले. बाईंना मात्र प्रश्न पडला: मग निरोगी मुले एवढ्यावरच का थांबतात? ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसविण्यात गढली होती. भोवती मुले गात होती. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचा हात थांबला नाही. चाळिसांहून अधिक वेळा तिने तेच काम केले आणि बाई मोजत राहिल्या. शेवटी ती थकलेली नव्हे, प्रसन्न दिसली. मुलाचे सुख आणि मुलाची प्रगती एकाच मुळातून वाढतात, हे त्या निरीक्षणाने दाखविले.

गिजुभाई बधेका ह्यांनी हा विचार १९२० मध्ये भावनगरच्या बालमंदिरात रुजविला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडी काढली. पुण्याची शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा दोघींनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे आले. आधी स्वच्छता, मग खाऊ, मग गाणी व अक्षरे, असा क्रम होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला.

हाच धागा भिवंडी-वसई परिसरात पुन्हा हाती आला. वीटभट्टीवरील मजुराच्या तात्पुरत्या झोपडीस 'भोंगा' म्हणतात. 'विधायक संसद' ह्या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात भट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' चालविल्या. शाळा भट्टीवर आली, तेव्हा मुलेही शाळेत आली.

१ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. परंतु भट्टीचा हंगाम कायदा पाहून ठरत नाही. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की ह्या मुलांचे गुण मोजण्याआधी शाळेचे मोजमाप व्हावे: ती भट्टीपासून किती दूर आहे, तेथे मुलांची बोली कळते काय, आणि माघ-फाल्गुनात आलेल्या नव्या मुलास बसावयास जागा मिळते काय?