वृद्धांची गांठ आणि शुश्रूषेचें मोल

वृद्ध माणसांची काटकसर हा आपल्याकडे घरोघरीं थट्टेचा विषय आहे. जुन्या पाकिटाच्या कोऱ्या पाठीवर हिशेब लिहिणारे आजोबा, दिवा मालवून अंधारांत माळ ओढणारी आजी, औषधाची मात्रा अर्धी करून ती दुप्पट दिवस पुरविणारे काका, हीं माणसें कोणास ठाऊक नाहींत? त्यांच्या मागें गांठीस पैसा निघाला म्हणजे "एवढें असतांना यांनीं हाल कां काढले?" असें आश्चर्य करण्याची रीत आहे. या प्रश्नाचें उत्तर आपण माणसाच्या स्वभावांत शोधतों. परंतु तें इतिहासांत अधिक सांपडतें, असें आम्हांस वाटतें. आणि त्या शोधास आमच्या फुलंब्रीच्या शेजारींच आरंभ करतां येतो.

फुलंब्री तालुक्यास लागून पश्चिमेस खुलताबाद आहे. तेथें औरंगजेब बादशहाची उघड्या आभाळाखालची कबर आहे. १७०७ सालीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथील छावणींत वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं तो वारला. त्याच्या नांवावर जें मृत्युपत्र सांगतात त्यांत, टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे आपल्या कफनास लावावे, आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले तीनशें पांच रुपये मृत्यूच्या दिवशीं फकिरांस वांटावे, असें लिहिलें आहे. ज्याच्या पंचवीस वर्षांच्या स्वारीनें दख्खनची धूळधाण केली त्यानेंच स्वतःच्या कफनापुरता आण्याआण्याचा हिशेब ठेवावा, या विरोधाकडे पुष्कळांनीं बोट दाखविलें आहे. त्याच्या राजनीतीचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. त्या हिशेबांत काय आलें आणि काय राहिलें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

राहिली ती झीनतुन्निसा. बादशहाची ही अविवाहित कन्या दख्खनच्या छावणींत सुमारें पाव शतक त्याच्या घरची व्यवस्था पाहत होती. बापाच्या मृत्युसमयीं ती स्वतः साठीच्या पलीकडे गेली होती. कैदेंतील येसूबाई व शाहू यांच्यावर तिचा लोभ होता असें सांगतात, म्हणून मराठ्यांच्या इतिहासांतही तिचें नांव आदरानें घेतलें जातें. राजकन्या म्हणून तिला तनखा होता हें खरें. पण तो जन्माचा मान होता, सेवेचा मोबदला नव्हे. कफनाचे आणे कागदावर चढले, कन्येचीं पंचवीस वर्षें चढलीं नाहींत. बादशहाच्या घरीं जें झालें तेंच गरिबाच्या झोपडींतही होत आलें आहे.

शुश्रूषा ही विकत घेण्याची वस्तु नव्हे, तें कर्तव्य होय, ही आपली जुनी समजूत. विज्ञानेश्वरानें कल्याणी येथें चालुक्यांच्या आश्रयास राहून मिताक्षरा लिहिली. तींत मनूच्या नांवें आलेलें एक वचन वृद्ध आईबापांचें पोषण, प्रसंगीं करूं नये तीं कामें करूनही, करावयास सांगतें. वचन उदात्त आहे, यांत शंका नाहीं. व्यवहारांत मात्र कर्तव्य पुत्राच्या नांवें लागलें आणि कष्ट सुनेच्या वांट्यास आले. शिवाय जिला पुत्रच नाहीं तिनें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यापूर्वीं एकत्र कुटुंबांतील विधवेस बहुधा अन्नवस्त्रापलीकडे पूर्ण मालकीचें असें कांहीं मिळत नसे. आणि रात्रीं उठून पाण्याचा पेला ओठांशीं नेणारा हात अन्नवस्त्रांत मोडत नाहीं.

आमच्या फुलंब्रीच्या घरांत अशा एक आत्याआजी होत्या. बाळपणींच वैधव्य आल्यामुळें त्यांचा सारा जन्म माहेरीं गेला. दूध-तूप विकून व लोकांचीं गोधड्यांचीं कामें करून त्यांनीं जें सांठविलें तें एका लांकडी पेटींत असे, आणि पेटीची किल्ली कमरेला. शेवटच्या आजारांत वैद्य-डॉक्टरांस पैसा द्यावयाची वेळ आली कीं त्या भिंतीकडे तोंड फिरवीत. घरांतील दोघी सुनांनीं त्यांचें सारें निगुतीनें केलें. त्या गेल्यावर पेटी उघडली, तेव्हां तींत चारमिनारचें चित्र असलेले चांदीचे रुपये निघाले, आणि त्यांच्या खालीं घडी घातलेल्या निजामी नोटा.

या नोटांची कथा मराठवाड्याबाहेरच्या वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. निजामाच्या राज्यांत स्वतंत्र नाणें चाले; त्यास हाली सिक्का म्हणत. १९१८ पासून त्याच्या कागदी नोटाही निघाल्या. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत सामील झालें, आणि १९५० सालीं भारतीय रुपया हालीच्या जोडीनें चालूं लागला. सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा भाव ठरला. म्हणजे सत्तर रुपये सांठविलेल्या बाईस साठच मोजून मिळत. १९५९ सालीं हालीचें चलन अजिबात बंद झालें. तोंवर ज्यांनीं नोटा बदलून घेतल्या ते निभावले. ज्यांना वाचतां येत नव्हतें, किंवा आपली गांठ चार माणसांसमोर सोडण्याचें भय होतें, त्यांच्या हातीं कागद उरला. महायुद्धापूर्वींच्या रुपयांत चांदीच अधिक असल्यानें सराफानें त्यांची किंमत दिली. म्हाताऱ्यांचा कागदावर विश्वास नसतो म्हणून आपण हंसतों. पण त्यांच्या डोळ्यांदेखत एक राज्य गेलें आणि त्याबरोबर त्याचें नाणेंही गेलें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

तथापि मुख्य भय चलनाचें नव्हतें. "असतील शितें तर जमतील भुतें" ही म्हण त्यांनीं अनुभवानें पाठ केली होती. गांठ बांधलेली आहे तोंवर चार माणसें जवळ येतात; ती सुटली कीं आपण केवळ एक ओझें, ही धास्ती त्या काटकसरीच्या मुळाशीं होती. म्हणजे तो पैसा खर्च करून शुश्रूषा विकत घेण्यासाठीं नव्हताच. तो न खर्चतां, नुसता असण्यानें, शुश्रूषा टिकवून धरावयाची होती. कृपणता म्हणून जिला नांवें ठेवलीं तो वास्तविक निराधाराचा विमा होता.

हें भय पोकळ नव्हतें याची साक्ष पुढें कायद्यानेंच दिली. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यानें वृद्ध मातापित्यांच्या पोषणाचा भार मुलगा व मुलगी या दोघांवरही ठेविला. १९७३ च्या फौजदारी संहितेनें आईबापांस पोटगी मागण्याचा सोपा मार्ग दिला, आणि विवाहित कन्याही त्या जबाबदारींतून सुटत नाहीं, असें १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील एका खटल्यांत ठरविलें. १९९५ सालीं केंद्र सरकारनें निराधार वृद्धांस महिना ७५ रुपये निवृत्तिवेतन सुरू केलें. पुढें २००७ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमानें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळण्याची सोय केली. हें कलम वाचतांना आत्याआजींची कमरेची किल्ली आम्हांस आठवल्याशिवाय राहत नाहीं. जें संसदेस २००७ सालीं लिहावें लागलें तें त्यांना अक्षरओळख नसतांना कळलें होतें.

मग यावर उपाय कोणता? आमच्या मतें त्याची दिशा महाराष्ट्रांत शंभर वर्षांपूर्वींच दिसली होती. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें, आणि रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखालीं तेथें विधवा व निराश्रित स्त्रियांस परिचारिकेचें शिक्षण मिळूं लागलें. घरच्या कोपऱ्यांत बिनमोल जाणारें काम शिकण्याजोगें आहे, त्यास वेतन आहे आणि त्यांत मानही आहे, हें त्या संस्थेनें दाखविलें. शुश्रूषेस मोल दिल्यानें माया उणी होते, ही समजूत त्या वेळींही होती आणि आजही आहे. पण मोल न दिल्यानें माया वाढल्याचें दाखलेही आम्हांस आढळले नाहींत.

आत्याआजींच्या पेटींतील चांदीची वांटणी पुतण्यांत झाली. दोघी सुनांचें नांव त्या यादींत नव्हतें, व तें असावें असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. रीतच तशी होती. परंतु ती चांदी वारसांची होण्यापूर्वीं त्यांच्या शेवटच्या सहा महिन्यांची होती. डॉक्टरची, औषधाची, रात्रीं जागणाऱ्या हातांची होती. घरांतील वडील माणसानें सांठविलेल्या पैशावर पहिला हक्क त्याच्या स्वतःच्या दुखण्याचा, दुसरा तें दुखणें काढणाऱ्याचा, आणि उरेल त्यावर वारसाचा, हा क्रम घरांतील कर्त्या पुरुषांनीं त्यांच्या हयातींत मोकळेपणानें बोलून दाखविला, आणि गांठ सुटली तरी माणसें सुटणार नाहींत ही खात्री पटविली, तर पुष्कळ वृद्ध आपल्या हातानें किल्ली काढून देतील.