पडद्यावरचा काळा चेहरा आणि आपला जंजिरा

हॉलिवूडच्या एखाद्या चित्रपटात गाजलेली भूमिका काळ्या किंवा आशियाई कलाकाराला मिळाली, की सोशल मीडियावर गदारोळ होतो. त्याचे मीम्स आपल्या मुलांच्या मोबाइलपर्यंत येतात, आणि मुले हसून पुढे पाठवतात. हा वाद काय आहे आणि म्हसळ्याच्या माणसाने त्याकडे का लक्ष द्यावे, ते थोडक्यात पाहू.

वाद काय आहे?

जुलै 2019 मध्ये डिस्नेने 'द लिटल मरमेड' या चित्रपटात जलपरी एरियलच्या भूमिकेसाठी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेची निवड जाहीर केली. लगेच 'ही आमची एरियल नाही' अशी मोहीम सुरू झाली. मूळ कथा डेन्मार्कची, म्हणून जलपरी गोरीच हवी, असा युक्तिवाद होता. आता बघा, हान्स अँडरसनची ही कथा 1837 सालची परीकथा. अर्धी बाई, अर्धा मासा हे लोकांना चालते. अडते ते फक्त रंगापाशी! मे 2023 मध्ये चित्रपट आला, तेव्हा आयएमडीबी या संकेतस्थळाला मतदान नेहमीसारखे होत नसल्याची सूचना लावावी लागली. त्याआधी 2018 मध्ये 'स्टार वॉर्स'मधील केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीने सततच्या छळानंतर इन्स्टाग्रामवरची आपली सगळी छायाचित्रे काढून टाकली.

चित्रपट आवडला नाही, अभिनय कच्चा वाटला, असे म्हणणे म्हणजे वर्णद्वेष नव्हे. पण चित्रपट पाहण्याआधीच, केवळ कातडीचा रंग बघून 'हे आमचे नाही' म्हणणे हा वर्णद्वेषच. तो 'मूळ कथेशी इमान' असे नाव घेऊन येतो. हे इमान एकाच बाजूने चालते. 1956 मध्ये जॉन वेन या गोऱ्या नटाने मंगोल चंगेजखान साकारला, तेव्हा अशी मोहीम निघाली नव्हती.

आपल्याकडे रंगाऐवजी नाव

आपल्या देशात हाच प्रश्न बहुधा नावावरून विचारला जातो. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद डॉ. राही मासूम रझा लिहिणार हे कळल्यावर विरोधाची पत्रे आली. रझांनी काम सोडले नाही. त्याच मालिकेत अर्जुन झाले ते फिरोज खान. त्याच काळात दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'मध्ये नसीरुद्दीन शाह यांनी छत्रपती शिवाजी महाराज साकारले, तर सलीम घौस यांनी राम आणि कृष्ण. घरोघरी लोकांनी ते पाहिले. पुढे 2023 च्या 'पठाण'पर्यंत येता येता चित्रपट येण्याआधीच बहिष्काराच्या हाका देण्याची सवय पडली.

म्हसळ्याचा संबंध

मुरूड, श्रीवर्धन आणि आपले म्हसळे 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होते. संस्थानिक सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे. 'हबशी' हा शब्द हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागातून, आलेला. त्याच मुलखातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि 1626 मध्ये मरेपर्यंत त्याने मुघलांना झुंजवले. मुलांना पुस्तकातला सिद्दी भेटतो तो बहुतेक वेळा समुद्रावरचा शत्रू म्हणून. तो या किनाऱ्याचा रहिवासी होता, हे मागे राहते.

जंजिऱ्याच्या घराण्याची एक शाखा सुरतेजवळ सचिन संस्थानात गेली. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याची नायिका जुबेदा ही सचिनच्या नवाबाची मुलगी मानली जाते. तिची आई फातमा बेगम 1926 मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' बनवून देशातली पहिली महिला दिग्दर्शक ठरली. नवाब आणि फातमा यांच्या विवाहाची नोंद सापडत नाही, हेही सांगायला हवे. तरी भारतीय पडद्यावर बोलणाऱ्या पहिल्या नायिकेचे नाते सिद्दी घराण्याशी जोडले जाते, ही गोष्ट आपल्या भागात सहसा कुणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू. 1983 मध्ये कमाल अमरोहींचा 'रझिया सुलतान' आला. त्यात हबशी याकूतची भूमिका धर्मेंद्र यांनी चेहरा काळा रंगवून केली. याउलट 1976 च्या 'द मेसेज' या चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीत हजरत बिलाल (रजि.) यांची भूमिका सेनेगलमध्ये जन्मलेल्या जॉनी सेका यांनी केली होती. म्हणजे काळ्या माणसाची भूमिका काळ्या नटाला देणे तेव्हाही शक्य होते. आज कर्नाटकातल्या सिद्दी समाजातील प्रशांत सिद्दी यांनी 'निनासम'मध्ये शिकून कन्नड चित्रपटात जागा मिळवली आहे. हिंदी-मराठीत असे नाव चटकन आठवत नाही.

घरातला पडदा

परदेशी वादावर हसणे सोपे. पण आपल्याच घरात रिश्त्याची बोलणी होताना पहिला प्रश्न 'लडकी गोरी है ना?' हाच असतो. 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले, आपली बोलणी मात्र बदलली नाहीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या प्रवचनात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नसल्याचे सांगितले. ते आपण जुम्म्याला ऐकतो आणि वर्गात 'कालिया' अशी हाक मारणाऱ्या मुलाला हसून सोडून देतो. त्या हाकेने ज्याचे हात उंचावणे बंद होते, ते मूल आम्हा शिक्षकांना रोज दिसते.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. असा मीम घरात आला की मुलाला विचारा, यात चूक काय दाखवली आहे, काम की रंग? उत्तर रंग आले, तर त्याला मुरूडला न्या, समोरचा किल्ला दाखवा आणि तो कुणाचा होता ते सांगा.