तासाचे पैसे, खेळाचे पैसे

पनवेलमध्ये संगणकावरच्या खेळाला मी पहिल्यांदा पैसे मोजले ते सायबर कॅफेत, २००४ च्या आसपास. तासाला वीस रुपये. पाच-सहा संगणक एकमेकांना जोडलेले आणि त्यावर काउंटर-स्ट्राइक. (खरं तर हे 'ऑनलाइन' नव्हेच. शत्रू शेजारच्याच खुर्चीत, शिव्याही थेट कानावर!) पण ते वीस रुपये निव्वळ वेळेचे होते. ज्याच्या खिशात शंभराची नोट, तो जास्त वेळ बसायचा इतकंच. म्हणून त्याची गोळी माझ्यापेक्षा जोरात लागत नसे.

तिकडे अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. १९९१ साली एओएलवर आलेल्या 'नेव्हरविंटर नाइट्स'चे पैसे तासावर पडत. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'ने महिन्याला साधारण दहा डॉलर घेतले, २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने पंधरा. महिन्याची वर्गणी आली की कंपनीचं गणित बदलतं. तुम्ही सोडून जाऊ नये म्हणून खेळ लांबवायचा. शंभर लांडगे मारा, मग पुढची पायरी... कंटाळवाणं खरं, पण राजा आणि रंक दोघांनाही लांडगे तेवढेच!

मग कोरियन मंडळींनी वेगळीच शक्कल काढली. 'मेपलस्टोरी' (२००३) सारखे खेळ फुकट, आतल्या वस्तू विकत. आपल्याकडे हे रुजायला २०१६ नंतरचा स्वस्त डेटा आणि यूपीआय लागलं. २०१८ साली पब्जी मोबाईल आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला. खेळायला फुकट, कपड्यांना आणि बंदुकीच्या रंगाला पैसे. माझ्या भाच्याने वाढदिवसाचे पैसे असल्याच एका झग्यावर उडवले. त्याने नेम सुधारतो का, विचारलं. "नाही रे मामा, पण सगळे बघतात ना!"

मला यातली मेख इथे दिसते. बघायला कुणी नसेल तर झगा कोण घेईल? म्हणजे फुकट खेळणारी पोरं ही गिऱ्हाईक नसून विकत घेणाऱ्याचा प्रेक्षकवर्ग आहेत.

आपल्या शेजारचा, नवी मुंबईतल्या गेमेशनचा लुडो किंग (२०१६) मला त्यामानाने साधा वाटतो. मुख्यतः जाहिराती दाखवून पैसे कमावतो. हार्बरच्या गाडीत चौघं एकाच फोनवर खेळतात, सोंगटी मारली की अख्ख्या डब्याला कळतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर घरोघरी हाच पट मांडलेला होता.

पण त्याच डब्यात काहीजण पैसे लावून रमी खेळायचे, प्रत्येकजण आपापल्या फोनवर, गप्प. बॅगेवर रुमाल पसरून खेळताना निदान कोण हरतंय ते दिसायचं, आणि मित्र म्हणून कुणीतरी "आता बस कर" म्हणायचं. फोनवर तेवढं म्हणणारंही कुणी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. रमीवाले थांबले, मुंबईच्या ड्रीम११ नेही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

कायद्याचा रोख आहे तो पैसे लावून पैसे जिंकण्यावर. भाच्याच्या खेळात मात्र एक पेटी मिळते. ती पैसे देऊन उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. त्यातून रुपया काही परत येत नाही, येतो तो दुसरा झगा. याला जुगार म्हणायचं की खरेदी, हे बहिणीने मला विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.