माळ्यावरची बाटली

दसऱ्याआधी घर झाडायला काढलं की माळ्यावरून एखादी जुनी काचेची बाटली निघतेच. तोंडाशी तांबूस कडं, तळाला तपकिरी डाग. ‘काच गंजली’ म्हणून आपण ती भंगारात टाकतो. पण काच गंजत नाही. गंजतं ते पत्र्याचं झाकण, नाहीतर गळ्याला बांधलेली तार. त्यांचा गंज काचेवर बसतो.

आणि ती भंगारात टाकण्याआधी जरा थांबा. एकेकाळी आपल्याकडं काचसामान बरंचसं परदेशातून यायचं. स्वदेशीच्या दिवसांत अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळक त्यांच्या पाठीशी होते. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. गोरगरिबांच्या पैशापैशातून कारखाना, विचार करा! आपले बचत गट तरी दुसरं काय करतात? पुढं १९१६ साली कराडजवळ ओगल्यांचा कारखाना आला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील तुमच्या आजीनं पुसला असेल.

जुन्या काचेत हिरवट झाक दिसते, कधी बुडबुडेही दिसतात. ती झाक वाळूतल्या लोखंडाची. वितळतानाच काचेत मिसळलेली, ती धुऊन जायची नाही. वरचा गंज मात्र जातो.

कसा? तांब्या-पितळेला लावतो तीच चिंच. कोमट पाण्यात कोळ काढून, गाळून बाटलीत भरा, रात्रभर ठेवा. सकाळी मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून हलवा. डाग जुना असेल तर दोन-तीन रात्री लागतील. लिंबाचा रसही चालतो. आंबटपणात गंज विरघळतो, काचेला काही होत नाही. उकळतं पाणी ओतू नका, तडकेल. संडासाचं अॅसिड तर नकोच. एवढं करूनही पांढुरका थर राहिला, तर तो गंज नव्हे, काचच ओलीनं खराब झालेली असू शकते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बाटलीत आधी काय होतं ते ठाऊक नसेल, किंवा फवारणीचं औषध होतं अशी शंका असेल, तर ती कितीही लख्ख झाली तरी तेल, पाणी, लोणचं तिच्यात भरायचं नाही.

माझ्या सासूबाईंची बाटली मी घाईघाईनं वाळू घालून घासली होती. गंज गेला, पण ओरखडे अजून आहेत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त बाटली उचलून आपल्या ट्रंकेत ठेवली.