छपरावरचं पाणी कुठे जातं? मॉसन लेक्समधल्या आईबाबांसाठी थोडा इतिहास



जून-जुलै आला की आपल्या फोनवर दोन पाऊस एकदम सुरू होतात. तिकडे आषाढ, गुडघाभर पाण्याचे व्हिडिओ, "लोकल बंद आहेत" असे आईचे मेसेज. इकडे ॲडलेडचा हिवाळी पाऊस, गपचूप पडणारा. याच दिवसांत कधी दारात चिठ्ठी येते, की तुमच्या गल्लीत सांडपाण्याच्या वाहिनीत धूर सोडून तपासणी होणार आहे. घाबरून जाऊ नका. या धुरामागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे, आणि त्यात आपली मुंबईही आहे.

आधी मूळ मुद्दा. इथे घरातून दोन वेगळ्या वाटा निघतात. संडास, मोरी, सिंक यांचं पाणी एका नळातून बोलिवारच्या शुद्धीकरण केंद्राकडे जातं. छपरावरचं, अंगणातलं पावसाचं पाणी दुसऱ्या वाटेने रस्त्याकडेच्या गटारात, तिथून नाले, तळी आणि पाणथळ जागांत. या दोन वाटा एकमेकींत मिसळायच्या नाहीत, हा नियम.

हा विचार इथे जुना आहे. ॲडलेडमध्ये बंदिस्त सांडपाणी वाहिन्यांचं काम १८७९ मध्ये सुरू झालं, १८८१ मध्ये घरं जोडली जाऊ लागली. ते सांडपाणी इझलिंग्टनच्या शेतावर सोडत. अशा शेतावर छपराछपराचं पाणीही आलं तर शेताचं तळं व्हायचं, हे वेगळं सांगायला नको. त्याच काळात विल्यम क्लार्क नावाचे इंजिनियर ऑस्ट्रेलियात फिरून शहरांना पाणी आणि निचऱ्याबद्दल सल्ला देत होते. पोर्ट ॲडलेडची योजनाही त्यांनी केली. त्याआधी हे गृहस्थ कुठे होते? कलकत्त्यात, तिथल्या गटारांच्या कामावर. म्हणजे भारतातून अनुभव घेऊन इथे येणारे आपण पहिले नाही!

आता धूर. एकोणिसाव्या शतकात भल्याभल्यांना वाटायचं की रोग गटाराच्या वासातून, वाफेतून पसरतो. म्हणून घरातल्या नळात फट आहे का, हे शोधायला प्लंबर नळात धूर भरत. काही जण छपरावरच्या नळातून पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतत, आणि दुसरा माणूस घरभर वास घेत फिरे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला, तेव्हाही पहिला संशय गटारांवरच गेला. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतून ती धुवून काढली गेली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवलं. वाफेचा सिद्धांत मागे पडला, पण धुराची युक्ती टिकली. कारण धूर एक गोष्ट खरी सांगतो: कुठली वाट कुठे जोडलेली आहे.

रंगाचंही तसंच. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी जिथे जमिनीत मुरतं तिथे सुमारे १० किलो फ्लुरोसिन टाकलं. साधारण ६० तासांनी आख गावाजवळचा झरा हिरवा झाला. पाणी जमिनीखालून कुठे जातं, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. आज प्लंबर पन्हाळीत रंग टाकून मॅनहोलमध्ये बघतो, तेव्हा तोच प्रयोग लहान प्रमाणात करतो.

"थोडं पावसाचं पाणी गेलं तर काय बिघडतं?" हिशोब करू. २०० चौरस मीटर छप्पर, १० मिलिमीटर पाऊस: २००० लिटर. चौघांच्या घराचं दिवसभराचं सांडपाणी याहून बरंच कमी असतं. अशी दहा-वीस घरं चुकून जोडलेली असली की वाहिनी तुंबते, आणि मैला सखल भागातल्या कुणाच्या तरी न्हाणीघरात किंवा मुलं जिथे बदकं बघतात त्या तळ्याकडे निघतो.

मुंबईने याची किंमत मोजली आहे. ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, ॲडलेडच्या अख्ख्या वर्षाहून जास्त. नंतर माधवराव चितळे यांच्या समितीने या पुराचा अभ्यास केला. तिथे पाणी साचलं की लोक मॅनहोलचं झाकणच उघडतात. २९ ऑगस्ट २०१७ ला अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतले एक नामवंत डॉक्टर गेले. पाण्याला त्याची वाट नसली की माणसं वाटेल ती वाट उघडतात.

मॉसन लेक्समध्ये तर हे आणखी महत्त्वाचं. इथल्या जांभळ्या नळाचं पाणी, जे आपण फ्लशला आणि बागेला वापरतो, ते बोलिवारचं शुद्ध केलेलं सांडपाणी आणि सॉल्झबरीच्या पाणथळ जागांत निवळलेलं पावसाचं पाणी एकत्र करून येतं. पावसाचं पाणी मिसळल्याने त्यातला खारेपणा कमी होतो. म्हणजे दोन्ही पाणी शेवटी भेटतात, पण आपापल्या वाटेने, स्वच्छ होऊन. (आजी-आजोबा आले की पहिल्याच दिवशी सांगा: जांभळ्या नळाचं पाणी प्यायचं नाही, भाज्याही त्यात धुवायच्या नाहीत.)

तर या शनिवारी मुलांना घेऊन एवढं करा:

१. पन्हाळीचा नळ कुठे उतरतो ते बघा. भिंतीलगतच्या जाळीच्या चौकटीत उतरत असेल तर चूक आहे. ती ओव्हरफ्लो रिलीफ गली. वाहिनी तुंबली तर मैला घरात न येता बाहेर पडावा, म्हणून ती असते. तिच्यावर कुंडी ठेवू नका. फरशी घालताना ती आजूबाजूच्या अंगणापेक्षा खाली जाऊ देऊ नका.

२. पाऊस पडताना छत्री घेऊन रस्त्यावर या. घरासमोरच्या कडेच्या भोकातून पाणी येतंय का? पाऊस जोरात आणि तिथे कोरडं, किंवा पावसात संडास गुडगुडतोय, तर लायसन्सवाल्या प्लंबरला बोलवा. रंग त्यालाच टाकू द्या. आपण टाकला तर थेट तळ्यात जाईल.

३. धुराची चिठ्ठी आली तर आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत आणि न वापरलेल्या बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता. छपरावरच्या व्हेंटमधून धूर आला तर सगळं ठीक. पन्हाळीतून आला तर जोडणी चुकलीय.

जुनं घर विकत घेताय? सही करण्याआधी हे विचारा. आधीच्या मालकाने स्वतःच जोडलेला नळ असला तरी दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा नव्या मालकावरच येतो.

आणि मुलांनी "पाणी कुठे जातं?" विचारलं, तर "गटारात" एवढंच सांगून थांबू नका. कुठल्या गटारात, ते दाखवा.