पत्र आणि पुरावा : लाक्लोच्या कादंबरीची आधुनिक वेषातील चित्रपट-रूपांतरे

१

एखादी अभिजात कादंबरी तिच्या मूळ काळातून उचलून रूपांतरकाराच्या स्वतःच्या काळात नेऊन ठेवण्याचा प्रघात चित्रपटाच्या इतिहासात जुना आहे. अशा रूपांतराचे परीक्षण करताना दृष्टी बहुधा वेषभूषा, वास्तू आणि वाहने यांवर खिळते. घोडागाडीच्या जागी मोटार आली आणि मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आला, की आधुनिकीकरण पुरे झाले असे मानण्याकडे कल असतो. परंतु ज्या कादंबऱ्यांचा विषयच मोहजाल आणि सूड हा आहे, त्यांच्या बाबतीत खरी अडचण निराळ्याच ठिकाणी उद्भवते. एखाद्या व्यक्तीची अब्रू घालवणे हा सूड ठरावयाचा, तर अब्रू गेल्याने त्या व्यक्तीचे नेमके काय होते हे त्या समाजात आधीच ठरलेले असावे लागते. आणि ती गेली हे चारचौघांत सिद्ध करणारा पुरावाही असावा लागतो. समाज बदलला म्हणजे दंड बदलतो, आणि संपर्काची साधने बदलली म्हणजे पुरावाही बदलतो. या दोन बदलांना रूपांतरकार कसे सामोरे गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या अडचणीचे एक स्वच्छ उदाहरण रोबेर ब्रेसों याच्या १९४५ साली प्रदर्शित झालेल्या 'ले दाम द्यु ब्वा द बूलोन्य' या चित्रपटात आढळते. त्याचे कथानक दिद्रोच्या 'झाक ल फातालिस्त' या कादंबरीतील मादाम द ला पोमरे हिच्या उपकथेवरून घेतलेले असून संवाद झां कॉक्तो याने लिहिले आहेत. आपल्यावरील प्रेम ओसरलेल्या मार्कीचा सूड घेण्यासाठी ही स्त्री एका वेश्येला सच्छील मुलगी म्हणून त्याच्यासमोर उभी करते, त्याचे तिच्याशी लग्न लावून देते आणि मगच तिचे पूर्ववृत्त उघड करते. अठराव्या शतकातील सरदाराच्या दृष्टीने हा आघात कुळाच्या मुळावरच होता. ब्रेसोंने हे कथानक आपल्या समकालीन पॅरिसमध्ये आणले आणि वेश्येची नर्तकी केली. येथे सूडाचे शस्त्र तेच राहिले, परंतु त्याची धार उतरली. नर्तकीशी विवाह केल्याने विसाव्या शतकातील एका सुखवस्तू पुरुषाचा सर्वनाश व्हावा, हे प्रेक्षकाने नायिकेच्या शब्दावर विश्वास ठेवूनच मान्य करावयाचे असते. चित्रपटाचे सामर्थ्य अन्यत्र आहे. पण दंडाचे वजन कमी झाले की सूडकथेचा तोल कसा जातो, याचा धडा त्यातून मिळतो.

२

पिएर शोदेर्लो द लाक्लो हा तोफखान्यातील अधिकारी होता. त्याची 'ले लिएझों दांझरझ', म्हणजे 'घातक संबंध', ही कादंबरी १७८२ साली चार भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यात १७५ पत्रे आहेत आणि पत्रांवाचून निवेदक असा कोणी नाही. मार्कीझ द मेर्तय ही विधवा सरदारीण आणि व्हिकोंत द व्हाल्मों हा तिचा एके काळचा प्रियकर, ही दोघे या कथेची सूत्रधार. मेर्तयला सोडून गेलेला काउंट झेर्कूर याचे लग्न नुकत्याच कॉन्व्हेंटमधून बाहेर पडलेल्या पंधरा वर्षांच्या सेसिल व्होलांझशी ठरले आहे. लग्नाआधीच सेसिलला बिघडवून झेर्कूरला हास्यास्पद करावे, हा मेर्तयचा सूड. व्हाल्मोंचे लक्ष मात्र मादाम द तूर्व्हेल या धर्मनिष्ठ विवाहितेवर आहे.

या कादंबरीतील पत्र तीन कामे एकाच वेळी करते. ते निरोप पोहोचवते, लिहिणाऱ्याचा मुखवटा होते आणि पुढे पुरावाही ठरते. अठ्ठेचाळिसावे पत्र या संदर्भात प्रसिद्ध आहे. व्हाल्मों ते एमिली या गणिकेच्या शय्येवर, तिच्या देहाचेच मेज करून, तूर्व्हेलला लिहितो. प्रत्येक वाक्याला दोन अर्थ आहेत : एक तूर्व्हेलसाठी आणि दुसरा मेर्तयसाठी, कारण पत्र टपालात पडण्यापूर्वी मेर्तयच्या हाती जाते. एकच मजकूर, दोन वाचक आणि दोन परस्परविरोधी आशय, ही किमया समोरासमोरच्या बोलण्यात साधणारी नव्हे.

संबोधनाच्या बाबतीतही लाक्लो असाच काटेकोर आहे. फ्रेंचमध्ये मराठीतल्याप्रमाणेच 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे. कटाचे भागीदार असलेले मेर्तय आणि व्हाल्मों एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतात. सलगीतही अंतर राखणे हा त्यांच्या डावाचा नियम आहे. तूर्व्हेलही व्हाल्मोंला 'तुम्ही' म्हणते. मात्र एकशे एकसष्टाव्या पत्रात हा बांध फुटतो. व्हाल्मोंने झिडकारल्यावर मरणशय्येवरील तूर्व्हेल भ्रमावस्थेत दासीला हे पत्र सांगते आणि त्याचा आरंभच एकेरी संबोधनाने होतो. पत्रावर कोणाचे नाव नाही; ते पतीला आहे, प्रियकराला आहे की आणखी कोणाला, हे ओळीओळीला बदलत जाते. ज्या कादंबरीत प्रत्येक पत्र नेम धरून सोडलेला बाण आहे, तिच्यात हे एकच पत्र नेमाविना सुटलेले आहे. इंग्रजीत बोलणाऱ्या रूपांतरांना हा परिणाम उपलब्धच नाही. मराठी अनुवादकाला मात्र तो सहज साधता येईल.

शेवटी व्हाल्मों आणि मेर्तय यांच्यात युद्ध जुंपते. सेसिलचा प्रियकर दांस्नी याच्याशी झालेल्या द्वंद्वात व्हाल्मों प्राणांतिक जखमी होतो आणि मेर्तयची पत्रे दांस्नीच्या स्वाधीन करून मरतो. त्यांपैकी एक्याऐंशीवे आणि पंच्याऐंशीवे अशी दोन पत्रे पॅरिसभर फिरतात. एक्याऐंशीव्या पत्रात मेर्तयने आपली जडणघडण सांगितली आहे : स्त्रीला एकाच चुकीने सर्वस्व गमवावे लागते आणि पुरुषाला काहीच गमवावे लागत नाही, हे ओळखून तिने लहानपणापासून आपल्या चेहऱ्यावर ताबा मिळवला, स्वतःला मुद्दाम वेदना देत प्रसन्न मुद्रा टिकवण्याचा सराव केला, कादंबरीकार, तत्त्वज्ञ आणि नीतिकार यांचे ग्रंथ वाचून माणसे पारखण्याची विद्या संपादली. आपल्या नियमांत ती एक नियम असा नोंदवते, की प्रियकराला कधीही काही लिहून द्यावयाचे नाही, पराभवाचा पुरावा कोणाच्या हाती ठेवावयाचा नाही. हा नियम ज्या पत्रात सांगितला आहे, तेच पत्र तिच्याविरुद्धचा पुरावा होते. कादंबरीचा सारा उपरोध या एका गाठीत आहे.

३

लाक्लोला विसाव्या शतकात आणण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न रोझे व्हादीम याने १९५९ साली केला. पटकथेत त्याला रोझे व्हायां या कादंबरीकाराचे साहाय्य होते. झान मोरो आणि झेरार फिलीप यांनी प्रमुख भूमिका केल्या, आणि संगीतात थेलोनियस मंक व आर्ट ब्लेकी यांचे जॅझ वापरले गेले. चित्रपटावर वादळ उठले. फ्रेंच साहित्यिकांच्या संस्थेने अभिजात कृतीचे शीर्षक वापरण्यास हरकत घेऊन न्यायालयात धाव घेतली. शीर्षकाला '१९६०' हा आकडा जोडलेल्या रूपातच हा चित्रपट आज ओळखला जातो. या आकड्यात रूपांतराची सारी प्रतिज्ञाच सामावली आहे.

व्हादीमने व्हाल्मोंला परराष्ट्र खात्यातील अधिकारी केले आणि मेर्तयला त्याची धर्मपत्नी. मूळ कादंबरीतील दोघे एकमेकांचे काहीच लागत नाहीत. त्यांना बांधणारे बंधन केवळ लेखनाचे आहे. चित्रपटात त्या जागी विवाह आला. पती-पत्नी एकाच घरात राहत असल्यामुळे पत्राची आवश्यकताच उरली नाही, आणि जे पत्राने व्हावयाचे ते दूरध्वनीने व तारेने होऊ लागले. यातील तारेचा प्रसंग विशेष विचारार्ह आहे. मूळात तूर्व्हेलला झिडकारणाऱ्या पत्राचा मजकूर मेर्तय रचते आणि व्हाल्मों तो स्वहस्ते उतरवून पाठवतो. येथे ज्युलिएत व्हाल्मों नवऱ्याच्या नावाने टेलिफोनवरून तारेचा मजकूर सांगते. हस्ताक्षराची गरज नसलेले साधन निवडून व्हादीमने कपटाची क्रिया अधिक सोपी आणि अधिक गार केली. कादंबरीत व्हाल्मोंला निदान स्वतःच्या हाताने प्रियेचा घात करावा लागतो. तारेने त्याला त्या श्रमातूनही मुक्त केले. साधनाचा बदल येथे नैतिक जबाबदारीचाही बदल ठरतो. व्हादीमचे यश ते हेच.

शेवट मात्र बोलका आहे. पुरावा नष्ट करण्यासाठी ज्युलिएत पत्रे जाळू लागते, आग तिच्या वस्त्रांना लागते आणि तिचा चेहरा विद्रूप होतो. लाक्लोच्या मेर्तयला देवी येतात, एक डोळा जातो, दाव्यात मालमत्ता जाते आणि ती हॉलंडकडे पळते. तेथील देवीच्या जागी येथे आग आली, एवढाच फरक वरवर दिसतो. पण त्याहून मोठा फरक असा, की १७८२ साली मेर्तयची पत्रे वाचली जातात आणि १९५९ साली ती जळतात.

४

यानंतर चाळीस वर्षांनी, १९९९ साली, रॉजर कंबल या अमेरिकन लेखक-दिग्दर्शकाने 'क्रूएल इंटेन्शन्स' हा चित्रपट केला. येथे मेर्तय आणि व्हाल्मों न्यूयॉर्कमधील धनाढ्य घराण्यांतली सावत्र भावंडे आहेत आणि महागड्या शाळेत शिकत आहेत. तूर्व्हेलच्या जागी आलेल्या ॲनेटने, विवाहापूर्वी कौमार्य राखण्याचा आपला निश्चय मासिकातील लेखाद्वारे जाहीर केला आहे. पात्रांचे वय घटले हा केवळ तरुण प्रेक्षकांना खूश करण्याचा मार्ग मानणे पुरेसे होणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील प्रौढ विधवेने प्रियकर ठेवल्याचे उघडकीस आले, तरी तिच्यावर कोणी बहिष्कार घातला नसता. लौकिकावर जगणारा, कुजबुजीने माणूस उठवणारा आणि पाडणारा बंदिस्त समाज शोधावयाचा, तर तो शाळेतच सापडण्यासारखा होता. लाक्लोच्या सरदारांचे दिवाणखाने शाळेच्या आवारात आले, याचे कारण हे आहे.

पुढील रूपांतरे या तर्काला पुष्टी देतात. २०२२ सालचा राशेल स्युइसा हिचा फ्रेंच चित्रपट बियारित्झ येथील शाळकरी मुलांमध्ये घडतो, आणि तेथे प्रतिष्ठा समाजमाध्यमांवरील अनुयायांच्या संख्येने मोजली जाते. उलटपक्षी, ज्यांना पात्रे प्रौढच ठेवावयाची होती ते काळाने मागे सरकले. कॅथरीन दनव्ह हिची भूमिका असलेली २००३ सालची फ्रेंच दूरचित्रवाणी मालिका १९६० च्या दशकात घडते. हूर जिन-हो याचा २०१२ सालचा चित्रपट १९३१ सालच्या शांघायमध्ये. ई जे-योंग याने तर २००३ साली आधुनिकीकरणाचा मोह सोडून कथा अठराव्या शतकातील कोरियात नेली. तेथील तूर्व्हेल ही पातिव्रत्य जपणारी तरुण विधवा असून कॅथलिक आहे. तो धर्म त्या राज्यात निषिद्ध असल्याने तिची निष्ठाच तिला संकटात लोटणारी आहे. दंडाचे मूळ वजन राखण्यासाठी काळ न बदलता देश बदलावा, ही युक्ती मार्मिक म्हटली पाहिजे.

कंबलने पुराव्याचा प्रश्न कसा सोडवला, हे अधिक महत्त्वाचे आहे. चित्रपटाच्या आरंभीच सेबॅस्टियन एका मुलीची विवस्त्र छायाचित्रे इंटरनेटवर टाकतो. बेअब्रू करण्याचे नवे साधन १९९९ सालीच त्याच्या हाती आले आहे. तरीही कथेचा निकाल लागतो तो जुन्या साधनाने, कागदावर हाताने लिहिलेल्या रोजनिशीने. ती सेबॅस्टियनची आहे. त्याच्या मृत्यूनंतर तिच्या प्रती काढून शोकसभेच्या वेळी वाटल्या जातात आणि कॅथरिन मेर्तयचे ढोंग उघडे पडते. तिच्या गळ्यातील क्रुसातून कोकेन निघते. पुरुष मरताना प्रेमाने शुद्ध झालेला असतो. स्त्री जिवंत राहून सर्वांच्या नजरा सोसते.

५

या तिन्ही शेवटांकडे एकत्र पाहिले असता आधुनिकीकरणाचे एक अनपेक्षित फलित हाती येते. मुलींनी केले तर लांच्छन आणि मुलांनी केले तर पराक्रम, ही तक्रार कंबलची कॅथरिनही करते. म्हणजे एक्याऐंशीव्या पत्रातील मूळ गाऱ्हाणे दोनशे सतरा वर्षांनंतरही रूपांतरकाराला बदलावे लागले नाही. शिक्षेची विषमताही तशीच राहिली. परंतु त्या विषमतेविरुद्ध लाक्लोने मेर्तयच्या हाती जी एक गोष्ट दिली होती, ती मात्र वाटेत गळाली. कादंबरीत मेर्तयचा नाश तिच्या स्वतःच्या लेखनाने होतो. पॅरिस त्या लेखनात केवळ दुराचार वाचते. कादंबरीचा वाचक त्यात दुराचारासोबत एक बुद्धिमान युक्तिवादही वाचतो आणि निकाल देताना अडखळतो. व्हादीमच्या ज्युलिएतचा मजकूर नवऱ्याच्या नावावर जातो आणि पत्रे आगीत जातात. कंबलच्या कॅथरिनला दोन-चार वाक्यांची तक्रार मिळते, आणि तिच्याविषयीचा अधिकृत दस्तऐवज पुरुषाच्या रोजनिशीत असतो. वाचणाऱ्यांना तिची बाजू तिच्या शब्दांत कळण्याची सोयच उरत नाही.

पत्रात्मक कादंबरीचे चित्रपटात रूपांतर करताना पत्रे गळणार, हे माध्यमाच्या स्वभावातच आहे. त्याबद्दल रूपांतरकाराला दोष देता येत नाही. तथापि कोणाची पत्रे गळली आणि कोणाचे लेखन उरले, हा प्रश्न माध्यमाचा नसून निवडीचा आहे. दिवाणखाना शाळेत हलवता येतो आणि देवीच्या जागी आग लावता येते. मेर्तयच्या हातातून लेखणी काढून घेतली की मात्र कथेत गुन्हा आणि शिक्षा एवढेच उरते. आरोपीचे निवेदन उरत नाही. लाक्लोची कादंबरी जुन्या काळाची असूनही या बाबतीत तिच्या आधुनिक वेषातील रूपांतरांच्या पुढेच आहे.